घरावर सोलर आणि दारात स्मार्ट मीटर: या चुका टाळा

कराडच्या आसपास घरांवर सोलर बसवून द्यायचं काम मी करतो. पॅनल फुटलं, इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) जळाला असे फोन क्वचित येतात. येतात ते बिलाचे. "सोलर लावून दोन महिने झाले, बिल कमी व्हायचं सोडून वाढलंच की!" जाऊन बघावं तर पॅनल ठणठणीत, इन्व्हर्टर ठणठणीत. घोळ असतो मीटरपाशी, आणि तो बहुतेक वेळा कुणीतरी घाई केल्यामुळे झालेला असतो.

नेट मीटर लागण्याआधी सोलर चालू करणं

नेट मीटर म्हणजे घरात आलेली आणि घरातून बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर. बाकीच्या चुका नंतर सुधारता येतात. या चुकीत गेलेले पैसे सहसा परत येत नाहीत, म्हणून आधी हीच सांगतो.

एका निवृत्त शिक्षकांकडे तीन किलोवॅटचं सोलर बसलं होतं. बसवणारा मी नव्हतो. काम संपल्यावर फिटिंगवाल्या पोराने सांगितलं, "सर, चालू करून टाका. मीटर येईल आठ दिवसांत, तोवर ऊन कशाला वाया घालवता?" सरांनी विश्वासाने स्विच वर केला. मीटर काही आठ दिवसांत आलं नाही. आलं ते पुढचं बिल. दर महिन्याला दोनशेच्या आसपास युनिट वापरणाऱ्या घराला ३९० युनिटचं बिल. सरांना वाटलं, मीटर फास्ट आहे. शेजारच्यांना वाटलं, सोलर म्हणजे फसवणूक.

मी गेलो तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. घरातले सगळे एमसीबी (बोर्डातले सुरक्षा स्विच) खाली पाडले, फक्त सोलरचा चालू ठेवला. घरात पंखाही फिरत नव्हता. तरी मीटरवरचा लाल दिवा टकटक लुकलुकत होता. डिस्प्लेवर रीडिंग होतं ८४१२.६. सरांना शेजारी उभं केलं आणि पंधरा मिनिटं आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. रीडिंग ८४१३.२ झालं. मग सोलरचा एमसीबी पाडला. लाल दिवा थांबला. सर म्हणाले, "अहो, म्हणजे मी वीज देतोय आणि त्याचेच पैसे मला लागतायत?" तेच होत होतं.

कारण समजून घ्या. जुनं चकतीचं मीटर वीज उलट गेली की उलटं फिरायचं. लोकांच्या डोक्यात अजून तेच चित्र आहे. आताचं घरगुती इलेक्ट्रॉनिक मीटर तसं नसतं. वायर उलटसुलट जोडून कुणी चोरी करू नये म्हणून प्रवाह कुठल्याही दिशेने गेला तरी ते पुढेच मोजतं. आता सरांचा हिशोब मांडा. तीन किलोवॅटला उन्हाळ्यात दिवसाला साधारण बारा युनिट तयार होतात. त्यातले तीन दिवसा घरात वापरले गेले, नऊ बाहेर गेले. रात्री घराने चार घेतले. मीटरने नऊ अधिक चार, म्हणजे तेरा धरले. महिन्याचे ३९०. त्यात आपल्याकडे तीनशे युनिटच्या वर महागडा स्लॅब लागतो, तो भुर्दंड वेगळाच.

"आमच्याकडे स्मार्ट मीटर आहे, ते दोन्हीकडून मोजतं," असं सांगणारेही भेटतात. यंत्र दोन्हीकडून मोजू शकतं, हे खरं. पण ते 'फक्त पुढे' किंवा 'आयात-निर्यात' (आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगळी) अशा दोन्ही प्रकारे सेट करता येतं. वीज कंपनीने ते नेट मीटर म्हणून सेट करून नोंदवलं नसेल, तर तुमच्यासाठी ते साधंच मीटर आहे.

सरांचे पैसे परत आले नाहीत. मीटर तपासणीत बरोबर निघालं, कारण ते ज्या कामासाठी बनवलंय तेच करत होतं. पुढचे तेवीस दिवस नेट मीटर येईपर्यंत सोलर बंद ठेवलं.

माझी पद्धत सांगतो. काम संपलं की मी डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) आणि सोलरचा एसी एमसीबी (इन्व्हर्टरकडून घरात येणाऱ्या विजेचा) दोन्ही बंद करतो, एमसीबीवर चिकटपट्टी लावतो, तिच्यावर तारीख लिहितो आणि घरच्या सगळ्यांना बोलावून दाखवतो. टेस्टिंग करायचंच असेल तर आधी गीझर आणि इस्त्री लावतो, म्हणजे तयार झालेली वीज घरातच जिरते. तेही दहा मिनिटं. काही जण इन्व्हर्टरमध्ये 'झिरो एक्स्पोर्ट', म्हणजे बाहेर वीज जाऊच न देणारं, सेटिंग करून चालू ठेवायला सांगतात. त्यासाठी वेगळा सेन्सर नीट बसवावा लागतो. तो न बसवता नुसतं सेटिंग दाबून गेलेले लोक मी पाहिलेत, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. आणि घाई करून मिळतं काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, तेही नेट मीटर लागून सगळं पोर्टलवर नोंदल्यानंतरच खात्यात येतं.

अ‍ॅपचा आकडा बिलात शोधणं

"अ‍ॅपमध्ये ३५० युनिट दिसतात, बिलात २६० च. नव्वद कुठे गेले?" कुठेही गेले नाहीत, तुम्हीच वापरले. इन्व्हर्टरचं अ‍ॅप एकूण तयार झालेली वीज दाखवतं. नेट मीटर घराच्या दारात असतं, त्याला फक्त आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज कळते. दिवसा फ्रिज, पंप, मिक्सर यांनी जे घेतलं ते मीटरपर्यंत पोचतच नाही.

समजा तयार झाले ३५०, आयात १३०, निर्यात २६०. मग घरात थेट वापरले ९० आणि घराचा खरा वापर झाला १३० अधिक ९०, म्हणजे २२०. बिलात जमा राहतील २६० वजा १३०, म्हणजे १३०. अनेक जण ३५० मधून १३० वजा करून २२० जमा हवेत म्हणून कार्यालयात भांडायला जातात. असं भांडण एकदा झालं की पुढे खरी तक्रार घेऊन गेलात तरी तिथे कुणी नीट ऐकत नाही.

मीटरच्या डिस्प्लेवर आकडे एकामागून एक फिरत असतात. आयात आणि निर्यात कुठली ते आधी ओळखा. बऱ्याच मीटरवर १.८.० म्हणजे आयात आणि २.८.० म्हणजे निर्यात असतं. महिन्याच्या एकाच तारखेला दोन्हींचा मोबाईलवर फोटो काढा. वहीत लिहू नका. तक्रारीच्या वेळी वहीपेक्षा फोटो उपयोगी पडतो.

थोडक्यात काही

बिल शून्य होईल असं धरून चालू नका. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार राहतोच.

वीज गेली की साधं, म्हणजे बॅटरी नसलेलं, सोलरही बंद पडतं. तो बिघाड नाही. तुमची वीज बाहेरच्या तारेत जात नाही, खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव त्यामुळे वाचतो. त्याला बगल देणारी जुगाडं करणाऱ्याला घरात घेऊ नका.

बिलावरचा मंजूर भार दोन किलोवॅट आणि सोलर तीन, असं असेल तर कंपनीने भार वाढवलाय ना, ते बघून घ्या.

जमा युनिटचा हिशोब ३१ मार्चला संपतो. उरलेले युनिट कंपनी विकत घेते, पण तुम्ही ज्या दराने वीज घेता त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने. त्यामुळे 'जास्त बसवू, जास्त कमवू' हा हिशोब घरगुती सोलरला जमत नाही. वर्षाचा वापर बाराने भागा, एका किलोवॅटला महिन्याला साधारण १२० युनिट धरा, आणि तेवढंच बसवा.

भर दुपारी इन्व्हर्टर अधूनमधून बंद पडत असेल तर पॅनल धुवायला धावू नका. आधी व्होल्टेज बघा. ट्रान्सफॉर्मर जवळ असलेल्या वस्तीत ते अडीचशेच्या वर जातं आणि इन्व्हर्टर स्वतःला सोडवून घेतो. तक्रार व्होल्टेजची करा.

मीटर बदलताना घरी नसणं

सध्या जुनी मीटरं काढून स्मार्ट मीटर बसवण्याचं काम सुरू आहे. सोलर असलेल्या घरी मीटर बदलायला आले, घरी फक्त आजी होत्या, दहा मिनिटांत काम झालं. पुढच्या महिन्यात बिलात निर्यात शून्य. अशी दोन घरं मी स्वतः निस्तरली आहेत. एका घरी नवं मीटर नेट म्हणून सेटच केलं नव्हतं. दुसऱ्या घरी सेटिंग बरोबर होतं, पण जुन्या मीटरवरचं शेवटचं निर्यातीचं रीडिंग कुणी लिहून घेतलं नव्हतं. तिथे जुना फोटो होता म्हणून सगळे युनिट मिळाले.

मीटर बदलणाऱ्याला हक्काने थांबवा. "दादा, दोन मिनिटं, फोटो काढतो." जुन्या मीटरची आयात, निर्यात आणि नंबर, मग नव्याचंही तेच. त्याच दिवशी दुपारी घरातला लोड कमी करा आणि निर्यातीचा आकडा सरकतो का ते बघा. सरकत नसेल तर सोलर तिथल्या तिथे बंद करा आणि शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या.

रीडिंगवरच शंका असेल तर २०२४ साली ग्राहक हक्कांच्या नियमात झालेला बदल लक्षात ठेवा. तक्रार केल्यापासून पाच दिवसांत वीज कंपनीने पडताळणीसाठी दुसरं मीटर लावायचं आहे आणि किमान तीन महिने दोन्हींचा वापर ताडून बघायचा आहे. अर्जात या नियमाचा उल्लेख करा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

न्यूट्रलची खिचडी

जुन्या वाड्यांत आणि दोन भावांच्या जोडघरांत ही चूक हमखास सापडते. सोलरचा फेज (वीज नेणारी वायर) एका मीटरच्या डीबीत (वायरी वाटून देणाऱ्या पेटीत) आणि न्यूट्रल (परतीची वायर) जवळ पडतो म्हणून दुसऱ्या भावाच्या डीबीत. त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रल थेट अर्थिंगला. सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह बघतं. दोन्हींत तफावत दिसली की चोरी समजून जास्त असलेला आकडा धरतं आणि तशी नोंदही मेमरीत ठेवतं. ती नोंद वीज कंपनीला दिसते.

मी जोडणी करण्याआधी क्लॅम्प मीटर (वायर चिमट्यात धरून प्रवाह मोजणारं यंत्र) घेऊन मेन केबलच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकदम चिमट्यात धरतो. आकडा शून्याच्या जवळ आला पाहिजे. अर्धा अँपिअर जरी दिसला तरी सोलर जोडत नाही. आधी घरातली वायरिंग उलगडतो, मग त्यात अख्खा दिवस गेला तरी चालेल.