समुद्राचं लाकूड भिंतीवर लावताय? या चुका टाळा

माझं पहिलं ड्रिफ्टवूड, म्हणजे समुद्रातून वाहत किनाऱ्याला लागलेलं लाकूड, गुहागरच्या सुरूच्या बनाखाली सापडलं. हातभर लांब, राखाडी, लाटांनी घासून गुळगुळीत झालेलं. एप्रिलचं ऊन होतं, लाकूड ठणठणीत वाळलेलं वाटलं. ब्रश मारला, मागे दोन खिळे ठोकले, तार बांधली आणि सोफ्याच्या वर टांगलं. आषाढात त्याच्या पोटाखालून पांढऱ्या भिंतीवर तांबूस ओघळ उतरले. बायको म्हणाली, ‘‘याला घाम येतोय.’’ आणि खरंच तो घामच होता.

खाऱ्या पाण्यात तरंगलेल्या लाकडात मीठ आतवर मुरतं. उन्हात पाणी उडून जातं, मीठ तिथेच बसतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसंच हे मीठ हवेतली ओल ओढून घेतं. खिळे गंजतात, वॉर्निशला फोड येतात, गोंद धरत नाही. लोक दोष गोंदाला देतात.

म्हणून लाकूड आधी गोड्या पाण्यात बुडवायचं. पिंपात टाका, वर दगड ठेवा, नाहीतर तरंगतं. पहिला आठवडाभर पाणी रोज बदला, पुढे दोन-तीन दिवसांनी. बोटाएवढ्या काटक्यांना आठवडा पुरतो, मनगटाएवढ्या जाड तुकड्याला दोन-तीन आठवडे लागतात. मीठ निघालं का, हे दिवस मोजून ठरवू नका. दोन दिवस न बदललेल्या पाण्याचे चमचाभर थेंब स्टीलच्या चमच्यात घेऊन गॅसवर आटवा आणि शेजारी नुसत्या नळाच्या पाण्याचा चमचा. दोन्हींत सारखाच पुसट डाग उरला तर काम झालं. लाकडाच्या पाण्याच्या चमच्यात पांढरा थर जाड दिसला, तर पुन्हा पिंपात.

पुढची चूक वाळवण्याची. भिजलेलं लाकूड गच्चीवर रणरणत्या उन्हात टाकलं की बाहेरचा भाग आधी आक्रसतो आणि टोकांना चिरा पडतात. दोन विटांवर, सावलीत, वारा लागेल असं ठेवा. दर आठवड्याला वजनकाट्यावर ठेवून आकडा खडूने लाकडावरच लिहा. सलग दोन आठवडे आकडा हलला नाही की ते वाळलं. पावसाळ्यात मात्र हा उद्योग करू नये, वजन उतरतच नाही.

भोकं बघून घाबरायचं की नाही, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. करंगळी जाईल एवढी, आतून खडूसारखा पांढरा लेप असलेली भोकं शिंपल्याच्या कुळातल्या, लाकूड पोखरणाऱ्या समुद्री जीवाची. तो घरात जगत नाही. उलट तीच नक्षी मला आवडते. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली ताजं पिवळसर पीठ दिसलं तर मात्र सावध. तो भुंगा जमिनीवरचा, तुमच्या घरातलं दुसरं लाकूडही त्याला चालतं. लहान तुकडा उकळत्या पाण्यात तासभर ठेवा, मोठा असेल तर मोह सोडा.

डांबराचे काळे ठिपके पॉलिश पेपरने घासू नका, ते पसरतात आणि कागदही वाया जातो. मेच्या सुमारास असे डांबरगोळे आपल्या आणि गोव्याच्या किनाऱ्याला लागतात. आधी सुरीने खरवडा, उरलेल्यावर खोबरेल तेल चोळून फडक्याने पुसा. शेवाळ काढायला ब्लीच वापरत असाल, तर त्याच बादलीत व्हिनेगर किंवा लिंबू कधीही घालू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. रंगीत होडीची जुनी फळी मिळाली तर ती कोरडी घासू नका. तळाच्या रंगात तांब्यासारखी विषारी द्रव्यं असू शकतात.

आणि सजावटीच्या नादात काहीही उचलू नये. कांदळवनातली फांदी तोडणं हा गुन्हा आहे. वाळूवर पडलेलं पोवळं किंवा जाळीदार समुद्रपंखा (पंख्यासारखं पसरणारं पोवळं) चिकटवायची फार इच्छा होते, पण ते 1972च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, मेलेले तुकडेसुद्धा. नोव्हेंबर ते मार्चमध्ये वेळासकडे कासवं अंडी घालतात, तेव्हा वाळूत अर्धा गाडलेला ओंडका दोराने ओढून काढू नका.

आता भिंत. आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो, ड्रिल नेम धरत नाही, भोक मोठं होतं आणि गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवतात तो प्लग) आत फिरत बसते. दोन किलोचा तुकडा रात्री दोन वाजता पडल्याचा आवाज मी ऐकलाय. आता भोक सिमेंटने भरतो, त्यातच गिट्टी बसवून दोन दिवस सुकू देतो, मग स्टेनलेस स्टीलचा स्क्रू. लोखंडी खिळा नाहीच. मागे लाकडाचे दोन छोटे ठोकळे ठेवले की भिंतीपासून बोटभर अंतर राहतं आणि वारा खेळतो.

वॉर्निश जाड मारू नका, लाकूड प्लॅस्टिकसारखं दिसतं. मी जवसाच्या तेलाचा पातळ हात देतो. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा उघडून पसरा.

तो घामट तुकडा अजून आहे. पुन्हा तीन आठवडे पिंपात काढून आता बेडरूममध्ये आहे. दर गणपतीआधी खाली उतरवतो, मागून हात फिरवतो. गेल्या वर्षी बोटाला काही लागलं नाही.