विरार लोकलमधून उतरल्यावर ऑफिस कसं बंद करायचं

चर्चगेटहून विरार गाठेपर्यंत ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप वाजतच असतो. ग्रुप म्यूट करताना 8 तास निवडू नका. रात्री 8 ला म्यूट केलेला ग्रुप पहाटे 4 ला पुन्हा वाजायला मोकळा! ‘कायम’ निवडा. तरीही कोणी तुमचं नाव घालून मेसेज टाकला तर फोन वाजू शकतो, म्हणून फोनच्या ‘डू नॉट डिस्टर्ब’ला रात्री 9 ते सकाळी 7 असं वेळापत्रक लावा. त्यात अलार्मला परवानगी आहे ना, ते आधी तपासा. नाहीतर सकाळची लोकल चुकलीच. घरच्यांचे नंबर अपवादात टाका. ‘पुन्हा कॉल करणारे’ चालू ठेवा, म्हणजे अँड्रॉइड फोनवर 15 मिनिटांत त्याच नंबरवरून आलेला दुसरा कॉल वाजतो.

निळ्या टिका बंद केल्या की सुटलो, हा भ्रम. ग्रुपमध्ये त्या बंद होत नाहीत. मेसेज कोणी वाचला हे साहेबांना दिसतं. रात्री ग्रुप उघडूच नये.

सहकाऱ्यांना मात्र आधीच सांगा: तातडीचं असेल तर मेसेज नको, सरळ दोनदा फोन करा.