स्लाइम आणि गोगलगाय: चिकट कामातल्या या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत तालुक्यातालुक्यांत विज्ञान प्रदर्शनं भरतात आणि हमखास चार-दोन टेबलांवर स्लाइम, म्हणजे हातात ताणून खेळायचा लिबलिबीत गोळा, असतो. बहुतेक ठिकाणी बिघडलेला. चुका त्याच त्या. कुणी नवी चूक करून दाखवली तर चहा माझ्याकडून.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक पावडरीची. जिंतूरकडच्या एका शाळेत सातवीतला एक पोरगा परातीत गमचं पांढरं पाणी घोटत बसला होता. "सर, कवाधरनं हलवायलाव, दुधावानीच ऱ्हायलंय." शेजारी त्याचा मोठा भाऊ मोबाईलवर तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा मागे नेत होता, जणू व्हिडिओच चुकला. पुडी बघितली तर कॅरमची बोरिक पावडर! ती बोरिक आम्ल असते. स्लाइमला लागतो टाकणखार, म्हणजे सोनार डाग देताना वापरतो तो. दोन्हीत बोरॉन आहे, पण टाकणखाराचं पाणी अल्कधर्मी असतं, सामू (pH) ९ च्या आसपास, आणि गमच्या रेणूंच्या साखळ्या जोडणारे बोरेट आयन तिथेच भरपूर मिळतात. बोरिक आम्लाच्या पाण्यात ते जवळजवळ नसतातच. मी त्याच परातीत खायच्या सोड्याच्या दोन चिमटी टाकायला लावल्या. पाण्याचा सामू वर गेला, बोरेट तयार झाले आणि घोटता घोटता गोळा धरला. यावरून "सोड्यानं स्लाइम होतो" असा शोध मात्र लावू नका. नुसत्या सोड्यात बोरॉन नाही, तो दिवसभर घोटला तरी काही होणार नाही.

दुसरी चूक घाईची. टाकणखाराचं अख्खं पाणी एकदम ओतायचं. पांढऱ्या गममध्ये लांबच लांब साखळ्या असतात आणि बोरेट त्यांना जागोजागी टाके घालतं. वाकळीला टाके जरा जास्त पडले की ती अंगावर पडत नाही, ताठ राहते, इथंही तसंच. गोळा रबरासारखा होतो, तुटतो आणि भोवती पाणी सुटतं. माझं माप ठरलेलं आहे: अर्धी वाटी गम, अर्धी वाटी पाणी, नीट एकजीव. वेगळ्या भांड्यात वाटीभर कोमट पाण्यात चहाचा एक सपाट चमचा टाकणखार. मग हे पाणी चमच्या-चमच्यानं. हाताला चिकटायचं थांबत आलं की बस्स, उरलेलं ओतून द्या. "उरलंय तर टाकू" हीच वृत्ती घात करते. कडक झालाच तर थोडा गम कोमट पाण्यात पातळ करून मळा, बऱ्यापैकी सुधारतो. टाके कच्चे असतात, सुटतात, पुन्हा पडतात. म्हणून हळू ओढला तर वाहतो आणि झटका दिला तर तुटतो.

टाकणखार पोटात जाता कामा नये. द्रावण मोठ्यांनीच करावं, खेळून झालं की हात धुवावेत, लहान भावंडांच्या हाती देऊच नये.

कपड्याला लागला तर घासत बसू नका, लिंबू पिळा. आम्लानं टाके सुटतात.

एप्रिल-मेमध्ये उघडा ठेवला तर वाळणारच. झाकणाचा डबा वापरा.

दाबल्यावर घट्ट होणारा दुसरा प्रकार करताना भाकरीचं मक्याचं पीठ घेणारेही भेटतात. त्याला मक्याचा स्टार्च लागतो, दुकानात कॉर्नफ्लॉवर म्हणून मिळतो तो. दोन वाट्यांना साधारण एक वाटी पाणी. मोरीत ओतू नका, खाली बसून पाइप तुंबतो.

आणि स्लाइम ही परदेशी थेरं म्हणणाऱ्यांसाठी: मॅटेल कंपनीनं १९७६ साली डबीतून विकलेला स्लाइम गवारीच्या बियांचा डिंक आणि टाकणखार यांचा होता. तीच गवार, जी आपण शेंगदाण्याचा कूट लावून खातो.

आता वावरातला स्लाइम. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हापासून एक उपाय तोंडोतोंडी फिरतो: मीठ टाका. मिठानं गोगलगाय मरते हे खरं. तिच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, चिकट फेस येतो. पण तेच मीठ जमिनीत उतरतं आणि रोपांचंही पाणी तोडतं. मीठ टाकायचंच तर बादलीतल्या पाण्यात टाका. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती धुऱ्याला अंथरा, सकाळी उन्हं चढायच्या आत खाली जमलेल्या गोगलगाई वेचा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. बांधाला चुन्याची पट्टी ओढा; पाऊस झाला की पुन्हा ओढावी लागते, त्याला इलाज नाही. तिच्या चिकटाचं मात्र आपल्या स्लाइमच्या उलट आहे. थोड्या जोरापर्यंत घट्ट, जास्त जोर पडला की पातळ, जोर गेला की परत घट्ट. त्यावरच ती एका पायानं उभ्या खोडावर चढते.

या मोठ्या आफ्रिकन गोगलगाईतून उंदराच्या फुप्फुसातला जंत माणसापर्यंत पोचू शकतो, तेव्हा उघड्या हातानं वेचू नका. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा, आणि पोरांना या कामाला लावू नका.