ठासणीची बंदूक धुवायची ती पाण्यानेच

पाटण-जावळीकडे पीकसंरक्षण परवान्याच्या ठासणीच्या बंदुका, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुका, अजून काही घरांत आहेत. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. रानडुकरं हुसकावायला नुसत्या दारूचा बार काढला, तरी नळी त्याच दिवशी धुवा. बरेच जण रॉकेलचा बोळा फिरवून बंदूक खुंटीला अडकवतात, आणि घात होतो तो तिथेच. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त भाग राख होऊन मागे उरतो. त्यातले पोटॅशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर नळी रातोरात तांबूस होते. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात.

आधी बंदूक रिकामी आहे ना, ते बघा. दारू ठासायचा गज आत तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, मग बाहेरून नळीला लावून ताडा. कमी भरला तर आत बार आहे. पुढे हात लावू नका, जाणकाराला बोलवा.

मग कढत पाणी. गजाला चिंधी गुंडाळून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. केप (बार पेटवणारी टोपी) बसते ते भोकही तारेने मोकळं करा. तापलेली नळी लवकर वाळते, म्हणून पाणी कोमट नको. कोरडी झाल्यावरच तेलाचा हलका हात द्या. आठवड्याने पांढरी चिंधी फिरवा. तांबूस निघाली तर पुन्हा धुवा.