मोठा ट्रेड की पहिल्यापासून बांधणी? बेसबॉलच्या हिवाळ्यात या चुका टाळा

अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, म्हणजे वर्ल्ड सिरीज, संपते आणि ज्यांचा संघ सप्टेंबरमध्येच गारद झालेला असतो, त्या चाहत्यांचा खरा सीझन सुरू होतो. डिसेंबरच्या विंटर मीटिंग्जपर्यंत वाद एकच: दोन-तीन ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) करून संघ सावरायचा, की चांगले खेळाडू विकून, म्हणजे तरुण पोरांच्या बदल्यात देऊन, सगळं पहिल्यापासून उभं करायचं?

आयपीएलवर पोसलेल्या आपल्यासारख्यांचा इथे आधी गोंधळ उडतो. तिथे काही वर्षांनी मेगा ऑक्शन येतं आणि सगळ्यांची पाटी जवळजवळ कोरी होते. मेजर लीग बेसबॉलमध्ये पाटी कुणी पुसून देत नाही. खेळाडू वरच्या संघात आला की सहा वर्षं क्लबच्या ताब्यात. साधारण पहिली तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास, मग लवादाच्या हिशेबाने वाढता पगार, सहा पूर्ण झाली की फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या क्लबकडे जायला मोकळा. त्यातही ‘एक वर्ष’ म्हणजे वरच्या संघाच्या यादीवरचे (रोस्टरवरचे) १७२ दिवस. ट्रेडचं सगळं गणित या उरलेल्या वर्षांवर चालतं. म्हणून ‘आपला संघ किती सामने हरला’ यावरून वादाला सुरुवात करणं हीच पहिली चूक. आधी बघायचं, आपल्या चांगल्या खेळाडूंची किती वर्षं हातात उरली आहेत.

तळ्यात-मळ्यात खेळू नका

शिकागो व्हाइट सॉक्सचं २०१६ हे वर्ष बघा. पहिल्या ३३ पैकी २३ सामने जिंकले. मग घसरण लागली. तरीही जूनमध्ये त्यांनी अनुभवी पिचर (चेंडू टाकणारा) जेम्स शील्ड्स घेतला आणि त्याच्या बदल्यात, इतर एका खेळाडूबरोबर, एक सतरा वर्षांचा पोरगा सॅन डिएगोला देऊन टाकला. पोराने तोवर एकही व्यावसायिक सामना खेळलेला नव्हता. त्याचं नाव फर्नांडो टाटिस ज्युनियर. शील्ड्सने त्या वर्षी शिकागोसाठी चार सामने जिंकले, बारा हरले. आणि डिसेंबरमध्ये याच क्लबने ‘आता पूर्ण बांधणी’ म्हणत आपला एक नंबरचा पिचर ख्रिस सेल बॉस्टनला विकला. जूनमध्ये खरेदी, डिसेंबरमध्ये विक्री. सहा महिन्यांत दोन दिशा, आणि दोन्हींची किंमत एकाच खिशातून.

लॉस एंजेलिस एंजल्सची गत त्याहून वाईट. जुलै २०२३ मध्ये शोहेई ओहतानीचे करारातले शेवटचे दोन महिने उरलेले. त्याला विकायचं सोडून त्यांनी उलट लुकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ विकत घेतले. ऑगस्टच्या सुरुवातीलाच सलग पराभव झाले, महिनाअखेरीस त्याच दोघांना वेव्हर्सवर (इतर क्लबनी उचलावं म्हणून) सोडून दिलं, संघ ७३ विजय, ८९ पराभवांवर संपला. ओहतानी डिसेंबरमध्ये ७० कोटी डॉलरवर डॉजर्सकडे गेला.

पहिला ड्राफ्ट पिक म्हणजे लॉटरी लागली असं नव्हे

ड्राफ्ट म्हणजे नवे खेळाडू निवडायची वार्षिक फेरी; त्यात हरणारे संघ आधी निवडतात. म्हणून ‘यंदा मुद्दाम हरा, पहिला नंबर मिळवा’ असं सांगणारे हटकून ह्यूस्टन ॲस्ट्रोजचं नाव घेतात. २०११ ते २०१३ मध्ये १०६, १०७ आणि १११ पराभव, मग २०१७ ला विजेतेपद. खरं आहे, पण अर्धंच. २०१३ चा पहिला पिक मार्क ॲपेल ह्यूस्टनकडून वरच्या संघात एकदाही खेळला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये दुसरा क्रिस ब्रायंट होता. तो शिकागोच्याच दुसऱ्या क्लबने, कब्जने, उचलला आणि २०१६ मध्ये तो एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) झाला. आणि त्या विजेत्या संघाचा तारा होसे अल्टुवे? तो तर पराभवांची ही रांग लागण्याआधी, २००७ मध्येच, १५,००० डॉलरवर करारबद्ध झालेला होता.

शिवाय नियमही बदललेत. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागांसाठी सोडत काढतात. सर्वांत वाईट तीन संघांना प्रत्येकी १६.५ टक्के संधी. लीगच्या उत्पन्नवाटपात पैसे भरणाऱ्या क्लबला लागोपाठ दोन वर्षं त्या सहांत येता येत नाही. २०२४ मध्ये व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले, आधुनिक काळातला विक्रम. पण याच नियमामुळे पुढच्या ड्राफ्टमध्ये त्यांचा नंबर आला दहावा. एवढं हरून!

बांधणी करायची आणि तिजोरीला कुलूप लावायचं

माझ्या मते व्हाइट सॉक्सचं खरं घोडं इथे पेंड खातं. विक्रीचा भाग त्यांनी चोख केला होता. सेलच्या स्वस्त कराराची तीन वर्षं बाकी असतानाच त्याला काढला, म्हणून योआन मोंकाडा आणि मायकेल कोपेक मिळाले. ॲडम ईटनच्या बदल्यात जिओलिटो, होसे किंटानाच्या बदल्यात एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीस. कागदावर तरी दृष्ट लागावी असं. २०१८ मध्ये १०० पराभव सोसले, २०२१ मध्ये ९३ विजयांसह विभाग जिंकला.

पण पोरं तयार झाली की उरलेली भगदाडं पैसे टाकून बुजवावी लागतात. मॅनी मचाडो २०१९ मध्ये बाजारात होता. तो ३० कोटी डॉलरवर सॅन डिएगोला गेला. व्हाइट सॉक्सचा तोवरचा विक्रमी करार पुढे यास्मानी ग्रँडालशी झाला, ७.३ कोटींचा. शहराच्या उत्तरेला कब्जने २०१४ च्या डिसेंबरमध्ये, नुकतेच ८९ सामने हरलेले असताना, जॉन लेस्टरला १५.५ कोटी दिले होते. दोन वर्षांनी, १९०८ नंतर प्रथमच, ते जगज्जेते झाले. दक्षिणेला, व्हाइट सॉक्सकडे, २०२२ मध्ये ८१-८१, २०२३ मध्ये १०१ पराभव, आणि मग ते १२१.

नाव बघून ट्रेड तोलू नका

जुलै २०१३ मध्ये कब्जने स्कॉट फेल्डमन आणि एक राखीव कॅचर बाल्टिमोरला देऊन पेड्रो स्ट्रॉपसोबत जेक अरिएटा घेतला, तेव्हा अरिएटाचा त्या सीझनचा ईआरए (पिचरने नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावा; कमी तितका चांगला) ७.२३ होता. २०१५ मध्ये तो १.७७ आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. उलट २०१५ च्या हिवाळ्यात ॲरिझोनाने शेल्बी मिलरसाठी त्याच वर्षीचा पहिला पिक डॅन्सबी स्वॉन्सन आणि आणखी दोघे दिले. मिलर पुढच्या वर्षी तीन सामने जिंकला, बारा हरला.

मग हिवाळ्यात बघायचं काय?

विकाऊ खेळाडूची दोनेक वर्षं शिल्लक असतानाच बोलणी होतायत का, हे बघा. डिसेंबर २०२४ मध्ये व्हाइट सॉक्सने गॅरेट क्रोशे तसाच विकला, ताब्याची दोन वर्षं बाकी असताना. बदल्यात बॉस्टनकडून काइल टील, चेस मायड्रॉथसह चार जण आले. त्याच आठवड्यातल्या रूल ५ ड्राफ्टमध्ये (इतर क्लबनी रोस्टरबाहेर ठेवलेले खेळाडू उचलण्याची फेरी) त्यांनी मिलवॉकीच्या चाळीस जणांच्या रोस्टरबाहेर राहिलेला शेन स्मिथ एक लाख डॉलरला उचलला. तो २०२५ मध्ये ऑल-स्टार झाला. टील आणि मायड्रॉथही त्याच वर्षी वरच्या संघात खेळले. संघ तरीही १०२ सामने हरला, पण त्या सीझनअखेर पोरांची किमान पाच-पाच वर्षं हातात होती, आणि प्रश्न उरला तो मालकाच्या चेकबुकाचा.