एका गाण्याने ओळखल्या जाणाऱ्या बँडची उरलेली गाणी कशी ऐकावीत

सवाई गंधर्व महोत्सवाला केवळ शेवटच्या भैरवीपुरते येऊन जाणाऱ्या श्रोत्याला पुण्यात कोणी रसिक म्हणणार नाही. पाश्चात्त्य बँडांच्या बाबतीत मात्र आपण बिनदिक्कत तेच करतो: एक गाजलेले गाणे ऐकतो, बँडवर ‘वन-हिट वंडर’ असा शिक्का मारतो आणि पुढे जातो.

ऐकायला बसण्याआधी हा शिक्का कोणत्या देशात मारला गेला, ते पाहावे. नॉर्वेच्या आ-हा या बँडचे ‘टेक ऑन मी’ 1985 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि तेथे बँडची ओळख त्या एकाच गाण्यापुरती उरली. ब्रिटनमध्ये मात्र त्याच अल्बममधील ‘द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टीव्ही’ 1986 च्या आरंभी पहिल्या क्रमांकावर होते. अशा बँडचे परदेशात गाजलेले दुसरे गाणे हा सर्वांत सोपा प्रवेश होय.

गाण्यांच्या ॲपवर कलाकाराचे पान उघडू नये, कारण तेथे लोकप्रिय गाणीच वर येतात आणि तेच गाणे पुन्हा समोर उभे राहते. थेट अल्बम उघडावा, शफल बंद करावे आणि बँडने ठरवलेल्या क्रमाने ऐकावे. शक्य असल्यास गाजलेले गाणे मुळात नसलेलाच अल्बम निवडावा. प्रोकोल हारमच्या 1967 च्या पहिल्या अल्बमच्या मूळ ब्रिटिश आवृत्तीत ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ नव्हतेच. माझ्या मते या बँडचा खरा आवाका 1969 च्या ‘अ सॉल्टी डॉग’मध्ये कळतो, समुद्रपक्ष्यांच्या आवाजाने सुरू होणारे आणि वाद्यवृंदाच्या साथीने चढत जाणारे ते शीर्षकगीत रात्री, दिवे मालवून ऐकावे. (जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी रेकॉर्ड चाळताना ती हाती लागलीच, तर घासाघीस जपून करावी, चेहऱ्यावरचा आनंद विक्रेत्याला लगेच दिसतो.)

फाउंटन्स ऑफ वेनच्या ‘स्टेसीज मॉम’मुळे हा बँड विनोदी गाण्यांचा आहे, असा समज होतो. त्याच 2003 च्या अल्बममधील ‘हॅकनसॅक’ ऐकावे: प्रसिद्ध झालेल्या शाळासोबतिणीची गावातच राहून वाट पाहणारा माणूस त्यात बोलतो, आणि त्यात थट्टेचा लवलेश नाही. अल्बममध्ये 16 गाणी आहेत. स्वारगेटहून हिंजवडीला जाताना ती सहज संपतात, उलट गाणी संपली तरी हिंजवडी येत नाही.

काही अल्बमांना सवड द्यावी लागते. ‘कम ऑन आयलीन’ गाणाऱ्या डेक्सीज मिडनाइट रनर्सचा 1985 चा ‘डोन्ट स्टँड मी डाउन’ विक्रीत सपशेल आपटला. त्यातील ‘धिस इज व्हॉट शीज लाइक’ 12 मिनिटांहून मोठे असून त्याचा बराचसा भाग दोघांच्या संवादात जातो. पहिल्यांदा ऐकताना वैताग येतो, म्हणून किमान तीनदा ऐकल्याखेरीज मत बनवू नये. तरीही न रुचल्यास सोडून द्यावे, कारण काही बँडांकडे खरोखर एकच चांगले गाणे असते.

आवडलेले गाणे मित्राला पाठवताना बँडचे नाव सांगू नये. नाव कळताच तो जुने गाणे गुणगुणू लागतो आणि पाठवलेले तसेच राहून जाते.