बोलीभाषा जपणाऱ्या ऑनलाइन गटांनी या चुका टाळाव्यात

बोली मागे पडते आहे या काळजीतून गट सुरू होतो, पहिले काही महिने शब्द, म्हणी आणि गाणी यांचा ओघ लागतो, आणि वर्षभराने त्यांतलाच एखादा शब्द हवा असला की तो कुणालाच सापडत नाही. संभाषणालाच संग्रह मानणे ही यामागची पहिली चूक. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि याहू ग्रुप्स ही ऑनलाइन गटांची सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी. दुसऱ्याच्या जागेवर साठवलेले असे कधीही हातचे जाऊ शकते. म्हणून दर आठवड्याला एका सदस्याने नवे शब्द तक्त्यात उतरवून घ्यावेत आणि त्या तक्त्याची प्रत आणखी एका ठिकाणी ठेवावी.

तक्त्यात नुसता शब्द आणि त्याचा प्रमाणभाषेतला अर्थ पुरत नाही. बोलीतले एक पूर्ण वाक्य आणि बोलणाऱ्याचा परिसरही नोंदवावा, कारण शब्दाचे लिंग, विभक्तीचे रूप आणि वापराचा प्रसंग वाक्यातच कळतात.

शब्द डोळ्यांसमोर असूनही शोधात येत नसेल, तर आधी तो कसा टंकला आहे ते पाहावे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपल्याला दिसते. पण ‘दऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर दुसऱ्यात साध्या र आणि हलन्तानंतर न दिसणारे जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत असले, तरी संगणक त्यांना वेगळे समजू शकतो. गटाने एकच पद्धत ठरवावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तर आधी रूपांतरित करून, मग मुळाशी ताडून पाहावा. मजकुराचे छायाचित्र टाकले, तर सोबत तो टंकूनही द्यावा.

मात्र सर्वांत घातक चूक तांत्रिक नाही. एखाद्या आजी बोलतात तसेच लिहितात आणि खाली लगेच तिघे जण ‘योग्य शब्द असा आहे’ म्हणून प्रमाण रूप सांगतात. त्या आजी पुन्हा लिहीत नाहीत. ज्यांच्या तोंडी ती बोली आहे, त्यांनाच आपण गप्प करतो, आणि ही हानी कोणत्याही तक्त्याने भरून येत नाही. एका शब्दाची दोन रूपे आली, तर दोन्ही नोंदवावीत. गटाचे नियम आणि सूचनाही बोलीतच असाव्यात. त्या प्रमाणभाषेत आल्या, की बोलीत लिहिणारा मनातून संकोचतो.

ध्वनिमुद्रणाची मूळ फाइल जपून ठेवावी, कारण मेसेजमधून पाठवलेल्या आवाजाचा दर्जा बहुधा घटतो. ते मुद्रण कुठे आणि कशासाठी वापरले जाईल, हे बोलणाऱ्याला आधी सांगावे आणि त्याची संमती मुद्रणाच्या सुरुवातीलाच, त्याच्याच बोलीत घ्यावी, म्हणजे ती त्याच फाइलीत राहते.